विद्यापीठांनीं काळाकडून काय शिकावें?

दहावीचा निकाल लागला कीं 'आतां पुढें कोणती शाखा घ्यावी?' हा प्रश्न पालक आम्हां शिक्षकांस विचारूं लागतात. अलीकडे त्यास आणखी एक शंका जोडलेली असते. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळें पदवीचे अभ्यासक्रम बदलत आहेत. इकडे संगणक निबंधही लिहून देऊं लागला. मग महाविद्यालयांनीं ह्या साऱ्या बदलांमागें धांवत सुटावें काय? शंका रास्त आहे. परंतु उत्तर देण्यापूर्वीं आपल्याच प्रांतांतील दोन उदाहरणें पाहणें बरें.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें तें लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. त्या काळीं लंडनचें विद्यापीठ परीक्षा घेई व पदव्या देई. शिकविणें हें त्याचें काम नव्हे. मुंबईनें तेंच उचललें. पुढें लंडननें ही उणीव ओळखली आणि १९०० सालीं नवी घटना स्वीकारून अध्यापनही आपलेंच काम मानलें. हिंदुस्थानांत १९०४ च्या कायद्यानें विद्यापीठांस तशी मोकळीक मिळाली. तरी मुंबईस पॅट्रिक गेडिस ह्यांच्या हाताखालीं समाजशास्त्राचा विभाग निघावयास १९१९ साल उजाडलें. ज्याचा कित्ता गिरविला तो पुढें निघून गेला, आणि गिरविणारा जुन्याच पानावर राहिला! परीक्षेचें जें जोखड आपल्या मुलांच्या मानेवर आजही आहे, त्याचें मूळ कांहीं अंशीं येथें आहे, असें माझें मत आहे.

दुसरें उदाहरण महर्षि धोंडो केशव कर्वे ह्यांचें. त्यांच्याकडे जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली होती. तें विद्यापीठ तोकियो येथें १९०१ सालीं जिन्झो नारुसे ह्यांनीं स्थापिलें. हे गृहस्थ पूर्वीं ख्रिस्ती पाळक होते, हें आपल्या वाचकांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल. १९१५ सालीं सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्व्यांनीं अशा विद्यापीठाची कल्पना मांडली, व दुसऱ्याच वर्षीं तें पुण्याजवळ सुरूही केलें. कल्पना जपानची खरी, पण ती त्यांनीं येथल्या मातीस लावून घेतली. इंग्रजी माध्यमाचें ओझें आपल्या बहुसंख्य मुलींस पेलण्यासारखें नाहीं हें जाणून त्यांनीं शिक्षण मातृभाषेंतून ठेवलें, आणि तरीही इंग्रजी हा विषय सोडला नाहीं. स्त्रियांचा अभ्यासक्रम पुरुषांहून निराळा असावा हें त्यांचें मत आज आपणांस पटणार नाहीं. मलाही तें पटत नाहीं. परंतु दाराबाहेर कोण उभें आहे हें त्यांनीं पाहिलें. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनीं पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली, तरी कायद्याची मान्यता मिळावयास १९५१ साल यावें लागलें. सरकारदरबारीं जिला किंमत नाहीं अशा पदवीसाठीं ज्या आईबापांनीं तेथें मुली धाडल्या, त्यांच्या धैर्याचें वर्णन मात्र कोणी करीत नाहीं.

आतां आजचें पाहूं. संगणकास वर्गाबाहेर ठेवून भागणार नाहीं; पण प्रत्येक बांकावर एक यंत्र मांडलें म्हणजे महाविद्यालय सुधारलें, असेंही नव्हे. जो प्रश्न यंत्र क्षणांत सोडवितें तोच परीक्षेंत पुनः पुनः विचारणें व्यर्थ होय. तोंडी परीक्षा, प्रत्यक्ष प्रयोग, गांवांत जाऊन केलेली पाहणी ह्यांना अधिक गुण द्यावयास पाहिजेत. ह्यास प्राध्यापक अधिक लागतील आणि पैसाही लागेल. तो टाळून केलेली सुधारणा केवळ कागदावर राहते.

भाषेचा प्रश्न तर अद्यापि तसाच आहे. २०२१ पासून अभियांत्रिकीचें शिक्षण मराठींतून देण्याची परवानगी आहे. परंतु त्या वर्गांत आपला मुलगा घालावयास आपल्यापैकीं किती पालक तयार होतील? पुस्तकें, अध्यापक आणि नोकरी ह्या तिहींची हमी मिळाल्यावांचून त्यांनीं कचरावें हें स्वाभाविक आहे, आणि ती हमी देणें हें महाविद्यालयांचें काम आहे.

तेव्हां पुढील जून महिन्यांत पालकहो, आपण महाविद्यालय पाहावयास जाल, त्या वेळीं इमारत आणि जाहिरात पाहून झाल्यावर तेथील प्राध्यापकांस एवढें अवश्य विचारावें कीं, गेल्या पांच वर्षांत आपण आपल्या शिकविण्यांत काय बदललें, आणि कां?