स्पॅनिश शिकून काय दिवे लावणार?

गेल्या भाऊबीजेला घिवलीला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळणी झाली, फराळाची ताटे पुढे आली आणि भाचीने सगळ्यांसमोर आपला बेत सांगून टाकला. बारावीनंतर तिला स्पॅनिश भाषेत बी. ए. करायचे आहे, तीन वर्षांची पदवी, आणि तीही दिल्लीला, जवाहरलाल नेहरू विद्यापीठात! ओटीवर क्षणभर कोणी बोलले नाही. मग शेजारचे दादा, बोईसरच्या कारखान्यात उभी हयात घालवून आता घरी बसलेले एक भले गृहस्थ, चकली मोडता मोडता म्हणाले, “स्पॅनिश? अगं पोरी, ती शिकून काय दिवे लावणार? किनाऱ्यावर बोंबील वाळत घालताना बोलणार कोणाशी?”

सगळे हसले. मीही हसलो, याची मला आज लाज वाटते. भाचीने माझ्याकडे एकदा पाहिले आणि ती पाण्याचा तांब्या घेऊन आत निघून गेली. त्या हसण्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहे.

दादांचा पहिला आक्षेप असा की, या भाषेचा नि आपल्या किनाऱ्याचा संबंध काय? वाचकहो, घिवलीपासून जवळच तारापूरचा किल्ला आहे. तो पोर्तुगिजांचा होता आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला, एवढे आपल्याला शाळेत शिकवतात. पण १५८० साली पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेले आणि १६४० पर्यंत दोन्ही देशांच्या डोक्यावर एकच मुकुट होता, हे किती जणांना ठाऊक आहे? कारभार पोर्तुगीजच पाहत आणि दप्तरही त्यांच्याच भाषेत चाले, हे खरे. तथापि वसई, माहीम, तारापूर या मुलखाचा धनी त्या साठ वर्षांत माद्रिदला बसत होता. स्पेनच्या सिमांकास गावी त्या राजवटीचे प्रचंड दफ्तर आजही जपलेले आहे. आपल्या पणजोबांच्या पणजोबांवर ज्याने राज्य केले, त्याचे कागद उघडून वाचू शकेल असा एक तरी माणूस या किनाऱ्यावर आहे काय? गोव्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दफ्तरे वाचली, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाची एक अख्खी बाजू उजेडात आली. एका माणसाला एक भाषा नीट येत होती, त्याचे हे फळ!

इतिहास दूरचा वाटत असेल, तर फळांच्या टोपलीत पाहा. डहाणू-घोलवडचा चिकू म्हणजे आपला केवढा अभिमान! २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. स्पॅनिश लोकांनी ते फिलिपाइन्समध्ये नेले आणि तिथे त्याला अजून ‘चिको’ म्हणतात. चिको आणि चिकू यांचे नाते सांगायला पंडित बोलवावा लागत नाही. मिरची तिकडची, बटाटा तिकडचा, टोमॅटो तिकडचा. आणि दादा, ज्या पगारावर तुमचे घर उभे राहिले तो शब्द पोर्तुगीज. स्पॅनिशमध्येही पैसे चुकते करण्याला ‘पागार’च म्हणतात. महिन्याच्या महिन्याला तुम्ही त्या भाषेच्या बहिणीचे नाव घेत होता आणि आता विचारता, संबंध काय!

हे ऐकून दुसरे एक शहाणे पुढे सरसावतात. हे दादांहून धोकादायक. ते म्हणतात, “शिकू दे की! पण तीन वर्षे कशाला घालवायची? सहा महिन्यांचा वर्ग लाव, प्रमाणपत्र घे, एखाद्या कंपनीत चिकटून जा.” भाषा म्हणजे यांना टंकलेखनाची परीक्षा वाटते. आपल्याकडे स्पॅनिश भेटते तीही बहुधा अशाच प्रमाणपत्राच्या वर्गात. त्या वर्गांची मी निंदा करीत नाही. दार उघडून देण्याचे काम ते करतात. पण उंबरठ्यावर उभे राहून घर पाहिले, असे कोणी म्हणू नये.

पदवीत काय शिकायचे असते? आधी व्याकरण. ‘मला आंबा आवडतो’ हे वाक्य घ्या. इंग्रजीत इथे ‘मी’ कर्ता होतो आणि आंबा कर्म होऊन पडतो. स्पॅनिशमध्ये मात्र ‘मे गुस्ता एल मांगो’: मला, आवडतो, आंबा. आंबे अनेक झाले की क्रियापदही आपल्यासारखेच अनेकवचनी होते. उलट आपल्या एका ‘आहे’साठी त्यांच्याकडे दोन क्रियापदे आहेत, माणूस मुळात कसा आहे याला एक, आणि आत्ता कुठे, कोणत्या अवस्थेत आहे याला दुसरे. असे काही शिकताना आपल्याच मराठीकडे आपण प्रथम डोळे उघडून पाहतो.

मग वाङ्मय. १५७१ च्या लेपान्तोच्या लढाईत डावा हात निकामी झालेला आणि पुढे पाच वर्षे अल्जिअर्सला कैदेत काढलेला सेर्व्हान्तेस १६०५ साली ‘दोन किखोते’चा पहिला भाग छापतो आणि साऱ्या जगाला हसवतो. कवी लोर्का १९३६ साली, यादवी युद्ध पेटताच, गोळ्या घालून मारला जातो. त्याच्या ‘येर्मा’वरून मराठीत ‘चांगुणा’ रंगभूमीवर आले, तेव्हा मूल नसलेल्या बाईचे दुःख आपल्या प्रेक्षकाला परके वाटले नाही. आणि मग लॅटिन अमेरिका! जिंकणाऱ्याची भाषा जिंकलेल्यांच्या तोंडी बसली आणि तिच्यातूनच त्यांनी आपली गाऱ्हाणी, आपली गावे, आपले देव जगापुढे मांडले. अणुकेंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरणची माणसे घरेदारे सोडून दुसरीकडे गेली, ती घिवलीच्या डोळ्यांदेखत. गाव उठल्यावर गावाच्या भाषेचे, देवाचे, आठवणींचे काय होते, हा प्रश्न त्या खंडातल्या लेखकांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताळला आहे. इथल्या मुलीने तो त्यांच्या शब्दांत वाचावा, यात हसण्यासारखे काय आहे?

तिसरा आक्षेप मराठीच्या कैवाऱ्यांचा: “आधी मायबोली सांभाळा!” मान्य. पण मायबोली कडीकुलपात ठेवून सांभाळली जात नाही. स्पॅनिश पुस्तक मराठीत येते ते बहुतेक वेळा इंग्रजीच्या ओंजळीतून. हे दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे किती दिवस चालवायचे? मूळ भाषेतून थेट मराठीत आणणारी माणसे हवी असतील, तर ती कुठेतरी तीन-पाच वर्षे बसून शिकली पाहिजेत. ती आभाळातून पडत नाहीत.

राहता राहिला पोटाचा प्रश्न. तो मी टाळणार नाही, कारण माझ्या बहिणीच्या गप्प बसण्यात तोच होता. मुलीला दिल्लीला ठेवायचे म्हणजे खर्च आला, काळजी आली आणि पदवीनंतर नोकरीची हमी कोणी देत नाही. पण ती हमी आज कोणत्या पदवीला आहे? स्पॅनिश ही सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आणि २० देशांची राजभाषा. भारतातली औषधे लॅटिन अमेरिकेत जातात, आपल्या समुद्रातली माकुले स्पेनच्या ताटात जातात. ज्या किनाऱ्यावर मासळीही आहे आणि कारखानेही आहेत, तिथल्या मुलीला ही भाषा आली तर ती उपाशी मरेल, हे भाकीत करणाऱ्याने जरा जपून करावे.

आणि आपल्याच माणसाचे उदाहरण हवे असेल तर वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे घ्या. गदर चळवळीतले हे क्रांतिकारक देशाला पारखे होऊन मेक्सिकोला पोचले. तिथे स्पॅनिश आत्मसात करून चापिंगोच्या कृषी विद्यालयात ते शिकवू लागले, मक्याच्या नव्या वाणांवर संशोधन करून त्याच भाषेत लिहू लागले. दिएगो रिवेरासारख्या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. ब्रिटिशांनी ज्याला घर नाकारले त्या मराठी माणसाला एका भाषेने घर दिले. त्यांना मात्र कोणी विचारले नाही, काय दिवे लावणार म्हणून!

तेव्हा प्रश्न विचारायचाच तर त्या पोरीला विचारू नका, विद्यापीठांना विचारा. घिवलीच्या मुलीला या पदवीसाठी दिल्ली नाहीतर हैदराबाद का गाठावे लागते? फिरंगी दर्यावर्दी जिथे उतरले, ज्यांचे किल्ले अजून उभे आहेत, त्या मुंबई-ठाणे-पालघरच्या पट्ट्यात स्पॅनिश-पोर्तुगीज भाषा आणि संस्कृती यांची पूर्ण पदवी, गरिबाला परवडेल अशा शुल्कात, का मिळू नये? गोव्याच्या विद्यापीठाने पोर्तुगीजचा विभाग चालवून दाखवला आहे. आपल्याला कोणी अडवले आहे?

या भाऊबीजेला मी पुन्हा घिवलीला जाणार आहे. ओवाळणीच्या पाकिटासोबत भाचीसाठी एक स्पॅनिश शब्दकोश घेतला आहे. बहिणीशी खर्चाचे बोलणे झाले आहे. त्यातला निम्मा वाटा मामाचा. शेजारच्या दादांनाही फराळाला बोलावणे धाडले आहे. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर या वेळी उत्तर भाचीने द्यावे. मी नुसता ऐकत बसेन, आणि हसणार नाही.