फिनलंडचे मेटल संगीत : संहिता आणि प्रयोग

मेटल संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट, हा समज आपल्याकडे सुशिक्षितांतही रूढ आहे. कर्कश गिटार, ड्रम्सचा भडिमार आणि शब्द उमगू न देणारा घोगरा आवाज एवढेच प्रथम कानांवर पडते. फिनलंडमधील मेटल वृंदांचा जुना चाहता या नात्याने मी या समजाशी असहमत आहे. माझ्या मते, तेथील उत्तम मेटल संगीत हे मौखिक काव्यपरंपरेचेच आजचे एक रूप आहे.

या मताचा आधार पाहू. एलियास ल्योनरोट या डॉक्टरांनी कारेलिया प्रदेशातील गायकांकडून लोकगीते टिपून घेतली आणि त्यांतून ‘कालेवाला’ हे महाकाव्य सिद्ध केले. त्याची पहिली आवृत्ती १८३५ मध्ये, तर विस्तारित आवृत्ती १८४९ मध्ये प्रसिद्ध झाली. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्याचा भाग होता आणि तेथील उच्चशिक्षणाची भाषा प्रामुख्याने स्वीडिश होती. अशा काळात या ग्रंथाने फिनिश भाषेला प्रतिष्ठा दिली.

‘अमॉर्फिस’ या वृंदाचा १९९४ मधील ‘टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स’ हा अल्बम याच महाकाव्यावर आधारलेला आहे. त्यातील ‘ब्लॅक विंटर डे’ या गीतात माहेर सोडून निघालेली वधू बोलते; सुखी जिवांचे मन आणि आपले मन यांची ती तुलना करते. जात्यावरच्या ओव्यांतील सासुरवाशिणीचे दुःख ज्यांनी अभ्यासले आहे, त्यांना हा भाव परका वाटणार नाही. मात्र येथे तो पुरुषाच्या गुरगुरत्या आवाजात व्यक्त होतो. प्रथम हे विसंगत वाटते. पण या आवाजामुळेच ते दुःख एका स्त्रीपुरते न उरता कडाक्याच्या हिवाळ्यासारखे सर्वांना वेढून टाकते. कालेवालाच्या छंदात एकच आशय निराळ्या शब्दांत पुन्हा सांगण्याची रीत आहे. गिटारची पुनःपुन्हा परतणारी सुरावट मला त्याच रीतीची आठवण करून देते.

गीते इंग्रजीत असल्याने मूळ छंद हरवतो, हा आक्षेप मला मान्य आहे. ‘मूनसॉरो’सारखे वृंद फिनिशमध्येच गातात, ते म्हणूनच महत्त्वाचे. परंतु परंपरा केवळ शब्दांत नसते, ती सादरीकरणातही असते. नाटकाप्रमाणे येथेही संहिता आणि प्रयोग असा भेद करता येईल. ध्वनिमुद्रण ही संहिता. ती पुनःपुन्हा ऐकता येते, तिचे थर सुटे करून तपासता येतात. मंचावरील गायन हा प्रयोग. तो एकदाच घडतो. २१ ऑक्टोबर २००५ रोजी ‘नाइटविश’ने हेलसिंकीत मोठी मैफल केली. ती संपताच वृंदाने गायिका तार्या तुरुनेन यांना पत्र देऊन त्यांच्याशी फारकत घेतली. त्या मैफलीचे चित्रीकरण आज पाहताना प्रत्येक सूर निरोपाचा वाटतो. शब्द आणि चाली पूर्वीच्याच. अर्थ मात्र त्या रात्रीचा.

अमॉर्फिसमध्येही २००५ पासून तोमी यौत्सेन गातात. १९९४ मध्ये दुसऱ्याच्या कंठातून आलेली त्या वधूची व्यथा आता त्यांच्या कंठातून येते. गायक बदलावा आणि गाणे टिकावे, हीच तर मौखिक परंपरेची खूण.

१९९८ पासून हेलसिंकीत मेटल संगीताचा ‘तुस्का’ महोत्सव भरतो. या फिनिश शब्दाचा अर्थ वेदना असा आहे. आपल्यापैकी बहुतेकांना तेथे जाणे शक्य नाही. आपल्या वाट्याला ध्वनिमुद्रणच येते. पण ल्योनरोट यांचा ग्रंथ तरी वेगळा काय होता? गायकांपासून दूर असलेल्यांसाठी त्यांच्या गाण्याचे ते टिपणच होते. छापील ओवी वाचताना आपण जात्याची घरघर मनाने ऐकतो, कारण तिच्याशिवाय ओवी अपुरी असते. तेवढीच तयारी येथेही हवी. एकदा शब्द समोर ठेवून हे गीत अखेरपर्यंत ऐकावे आणि मगच त्याला गोंगाट म्हणायचे की नाही, हे ठरवावे.