रक्त ‘पातळ’ होत नाही!

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. वर्षापूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. गोळ्या चालू आहेत ना, असे विचारले तर म्हणाले, “बाकी सगळ्या घेतो डॉक्टर, पण रक्त पातळ करायची तेवढी बंद केली. रक्त पातळ झालं की अंगात ताकद राहत नाही.”

मला त्यांचा राग आला नाही. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे नाव आम्हा डॉक्टरांनीच रूढ केले आहे. ते आता सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाजी चिरताना बोट कापले तर थोड्या वेळात रक्त थांबते. जखमेवर प्रथम प्लेटलेट्स नावाच्या सूक्ष्म रक्तकणिका चिकटतात. त्याच वेळी रक्तातील एन्झाईम, म्हणजे विकरे, एकामागून एक जागी होतात. त्यांतील प्रमुख म्हणजे थ्रॉम्बिन. एरवी ते प्रोथ्रॉम्बिन या निष्क्रिय रूपात रक्तात फिरत असते. जागे झाले की ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिनच्या धाग्यांत रूपांतर करते आणि आणखी प्लेटलेट्सना कामाला लावते. धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी तयार होते.

बोटावर तारक ठरणारी ही क्रिया हृदयाच्या रोहिणीत मारक ठरते. रोहिणीच्या आत साठलेला चरबीचा थर तडकला की शरीर त्यालाही जखमच समजते. तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या नळीत गुठळी झाली की रक्तपुरवठा तुटतो. हाच झटका.

रोहिणीतील गुठळीत प्लेटलेट्सचा वाटा मोठा असतो. अ‍ॅस्पिरिन नेमका त्यांचाच चिकटपणा कमी करते. रक्त पाण्यासारखे होत नाही आणि ताकदही जात नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या चाचणीत झटक्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण होते. महिनाभर अ‍ॅस्पिरिन दिलेल्यांत पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज जोडीला दिले तेव्हा ही घट ४२ टक्के झाली. एवढ्या स्वस्त गोळीचे हे काम आहे!

मात्र याचा अर्थ धडधाकट माणसाने ती स्वतःहून सुरू करावी, असा नव्हे. तिने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ज्यांना ती लिहून दिली आहे, त्यांनी शौचास काळी झाल्यास ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. दात काढायचा असला तरी आधी विचारावे, परस्पर गोळी थांबवू नये.

मी माझ्यापुरता निश्चय केला आहे. यापुढे तिला ‘गुठळी रोखणारी गोळी’च म्हणेन. माझ्या व्यवसायबंधूंनीही तसेच म्हणावे, ही विनंती. त्या गृहस्थांनी गोळी पुन्हा सुरू केली आहे.