थप्पड तीच, कारण वेगळे

वर्गातल्या दोन मुलांनी मारामारी केली, की शाळेच्या लेखी दोघेही ‘मारकुटे’ ठरतात. शिक्षाही एकच मिळते. पण चिडवल्यामुळे डोके भडकून उठलेला हात आणि दुसऱ्याची बॅट मिळवण्यासाठी थंड डोक्याने उगारलेला हात, यांत मोठा फरक आहे. मानसशास्त्र पहिल्याला प्रतिक्रियात्मक, तर दुसऱ्याला हेतुपूर्वक केलेली आक्रमकता म्हणते.

हा फरक पुढील आयुष्यातही दिसतो. फिनलंडमध्ये लेआ पुल्किनेन यांनी १९६८ पासून आठ वर्षांच्या ३६९ मुलामुलींचा प्रौढपणापर्यंत मागोवा घेतला. आपणहून दुसऱ्यावर चालून जाणाऱ्या मुलग्यांत पुढे गुन्हेगारीकडे कल अधिक आढळला. फक्त बचावासाठी हात उचलणाऱ्यांचे तुलनेने बरे चालले. मात्र भडकून मारणाऱ्यांना धोकाच नाही, असे नव्हे. मित्र तुटणे, एकटेपणा आणि उदासी त्यांच्या वाट्याला येऊ शकते. काही मुलांत दोन्ही प्रकार एकत्र असतात. शिवाय बहुतेक मुलांची आक्रमकता वयानुसार ओसरते. शारीरिक मारामारी सर्वाधिक असते ती दोन ते चार या वयात, असे कॅनडातील रिचर्ड त्रांब्ले यांचे संशोधन सांगते. म्हणजे मूल मारायला शिकत नाही, न मारायला शिकते. ते शिकवावे लागते.

म्हणूनच उपायही वेगळे हवेत. भडकणाऱ्या मुलाला राग ओळखायला, थांबायला आणि प्रत्येक धक्का मुद्दाम मारलेला नसतो हे समजायला शिकवावे. धाक दाखवणाऱ्याला धाकातून काहीही मिळू देऊ नये, चांगल्या वागण्याची मात्र लगेच दखल घ्यावी. छडीने दोघांचेही नुकसानच होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार तिला बंदीही आहे.

पालघरमध्ये हा प्रश्न अधिक जवळचा आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीमुळे बोईसरच्या शाळांत अनेक प्रांतांची, अनेक भाषांची मुले एका बाकावर बसतात. मनातले बोलायला शब्द अपुरे पडले, की हात बोलतात. अशा मुलावर ‘गुंड’ हा शिक्का बसायला एक सत्र पुरते, तो पुसायला मात्र वर्षे लागतात.

२०१४ मध्ये जिल्हा झाला. आज जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषद कोळगावच्या मुख्यालयात शेजारी शेजारी आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत तपासणीला जातातच. वजन-उंचीसोबत त्यांनी शिक्षकांना इतकेच विचारावे: हे मूल कधी मारते, कुणाला मारते आणि त्यातून त्याला काय मिळते? गरज भासल्यास मुलाला समुपदेशकाकडे पाठवावे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १९८५ मध्ये पहिलीच्या वर्गांत गटाने नियम पाळण्याचा साधा खेळ सुरू झाला. सर्वाधिक आक्रमक मुलग्यांना त्याचा लाभ विशीपर्यंत दिसला. असा खेळ घेण्यासाठी नवी इमारत लागत नाही, प्रशिक्षित शिक्षक लागतो. त्या प्रशिक्षणाचा निर्णय कोळगावातच होऊ शकतो.