२६ नोव्हेंबर : तारीख एक, आठवणी दोन

२६ नोव्हेंबर म्हटलं की आधी आठवतो २००८ चा मुंबईवरचा हल्ला. त्यात १६६ जणांचा जीव गेला. पण १९४९ मध्ये याच तारखेला संविधान सभेने भारताचं संविधान स्वीकारलं. म्हणून २०१५ पासून हा 'संविधान दिन' आहे.

या दोन्हींचा संबंध काय?

जिवंत पकडलेल्या अजमल कसाबला सरकारी खर्चाने वकील मिळाला. विशेष न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय असे टप्पे पार पडले आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात त्याला फाशी झाली. 'एवढे लाड कशाला?' असं तेव्हा अनेकांनी विचारलं. उत्तर संविधानाच्या कलम २१ मध्ये आहे. कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कुणाचाही जीव घेता येत नाही. तिथे शब्द 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' आहे.