सातबाऱ्याबाहेरचे मरण
आत्महत्यांचा राष्ट्रीय अहवाल दिल्लीत प्रसिद्ध होत असला, तरी त्यातील प्रत्येक आकडा जन्मतो तो पोलीस ठाण्याच्या पंचनाम्यात. मृताचा व्यवसाय तेथेच ठरतो; पुढे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागापर्यंत होते ती बहुतांशी बेरीज. २०१३ साली ११,७७२ असलेली ‘शेतकऱ्यां’ची संख्या २०१४ साली ५,६५० वर आली. संकट निम्मे झाले नव्हते. शेतमजुरांचा रकाना वेगळा निघाला होता आणि त्यात ६,७१० मृत्यू नोंदले गेले होते.

शेतमजुरांना निदान रकाना तरी मिळाला. विदर्भात निंदणी-वेचणी जिच्या हातून होते, तिचे नाव सातबाऱ्यावर बहुधा नसते. म्हणून मरणोत्तर ती ‘गृहिणी’ ठरते. २०२१ च्या अहवालात गृहिणी २३,१७९ आहेत. त्यांपैकी किती जणी शेतात राबत होत्या, याविषयी अहवाल मौन पाळतो. महसूल खात्याची चाळणी तर आणखी निराळी: सातबारा पाहावयाचा, थकीत कर्ज पाहावयाचे, आणि मग प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवावयाचे. (मरणालाही पात्रता लागते!) ‘मृत स्त्री शेतात काम करीत होती काय?’ एवढा एक प्रश्न पंचनाम्याच्या नमुन्यात घालण्यास सरकारला फारसा खर्च येणार नाही.