सत्तरीचे कार्ड आणि त्यामागचा पैसा

उदयनगरच्या आमच्या मंडळात हल्ली कार्यक्रम संपला, की चहाबरोबर एकच विषय निघतो: ‘तुमचे कार्ड झाले का?’ २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मोफत.

आम्ही जन्मभर बँकेत खातेवह्या तपासल्या, त्यामुळे पहिला प्रश्न मनात येतो तो हा की, नावे कोणाच्या टाकायचे? आयुष्मान भारत योजनेचा (सुरुवात २३ सप्टेंबर २०१८) खर्च केंद्र साठ टक्के आणि आपले मध्य प्रदेश सरकार चाळीस टक्के उचलते. इथे मध्ये विमा कंपनी नाही. राज्याची संस्थाच ठरलेल्या दराने रुग्णालयाला पैसे देते, म्हणजे पैसा येतो तो सरळ करांतून. ब्रिटनने जुलै १९४८ मध्ये हाच मार्ग धरला, पण सगळ्या नागरिकांसाठी आणि साध्या तापापासून. जर्मनीने १८८३ मध्ये कामगार व मालक यांच्या वर्गणीतून सुरुवात केली. आपली कर्मचारी राज्य विमा योजना त्याच जातीची. आपल्याकडे एक व्यवस्था नाही, गोधडी आहे.

आम्ही पेन्शनर आयकरावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर भरतो. तो केंद्राकडेच राहतो, राज्यांना त्यात वाटा नाही. चाळीस टक्के मात्र राज्याने आपल्या अंदाजपत्रकातून काढायचे. हा हिशेब आम्हाला पटत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करण्याचे ठरले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशाचा भाग मात्र २०१३-१४ मधील ६४.२ वरून ३९.४ टक्क्यांवर आला, हेही मान्य करायला हवे.

आता आपल्या गावाचे. कार्ड चालते ते भरती झाल्यावर. भरतीपूर्वीचे तीन दिवस आणि सुट्टीनंतरचे पंधरा दिवस त्यात धरतात. पण रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, डॉक्टरांची फी, बाहेरून केलेल्या तपासण्या आपल्याच खिशातून. आणि मोठ्या आजाराला उदयनगरहून इंदूर गाठावे लागते. गाडीभाडे, सोबतच्या माणसाचे राहणे-जेवणे कुठल्याही पॅकेजात बसत नाही. रात्री अडीच वाजता गाडी शोधलेल्यांना हे सांगायला नको.

खरी पंचाईत आमच्यासारख्या साठ ते सत्तरमधल्यांची. निवृत्तांच्या गट विम्याचा हप्ता आम्ही स्वतः भरतो आणि तो वाढतच गेला. आमच्यातल्या एका जोडप्याने ‘सत्तरीला कार्ड मिळेलच’ म्हणून चौसष्टाव्या वर्षी विमा सोडला. दीड वर्षात वहिनींचे हृदयाचे ऑपरेशन निघाले आणि मुदत ठेवी मोडाव्या लागल्या. खासगी विमा असला तरी सत्तरीनंतर हे कार्ड घेता येते, दोन्ही चालतात. केंद्रीय कर्मचारी किंवा माजी सैनिक यांच्या योजनेत असाल, तर मात्र दोन्हींपैकी एक निवडावे लागते.

ज्यांची सत्तरी झाली आहे त्यांनी आधार कार्ड बरोबर घ्यावे. जन्मतारीख आधारवरचीच धरतात, तेव्हा त्यात चूक असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्यावी. इंदूरला निघण्यापूर्वी ते रुग्णालय आणि तो विभाग योजनेत आहे का, हे १४५५५ वर विचारून घ्यावे.